मागणी आधी टाइप करणारा माणूस

गुढीपाडव्यानंतरचा पहिला सोमवार: नागपूरच्या सदर भागातील आमच्या रस्त्याची अवस्था सुधारावी, असा अकरा पानी अर्ज शहरातील जुने रस्ते सुधारण्यासाठी नेमलेल्या कायापालट समितीकडे दाखल झाला. तान्ह्या पोळ्याचा दिवस, म्हणजे निम्मे नागपूर मारबतीच्या मिरवणुकीमागे गेलेले असते तो दिवस: रस्त्याचे नाव, पाट्या व रंग बदलण्याची सूचना दोन्ही टोकांच्या खांबांवर चिकटवण्यात आली आणि हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत देण्यात आली. कोजागिरीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा: बंद पडलेल्या एका कापड दुकानाच्या व्हरांड्यातून एक लाकडी टेबल आणि दोन खुर्च्या उचलून ट्रकमध्ये चढवण्यात आल्या.

जबाबदार व्यक्ती चार. समितीचे प्रकल्प अधिकारी, ज्यांची सूचनेवर सही आहे. समितीने नेमलेले सल्लागार, ज्यांनी हा रस्ता पायी चालून पाहिला असल्याचा कोणताही पुरावा माझ्यासमोर नाही. अतिक्रमण पथकाचे प्रमुख, ज्यांनी ट्रक आणला. चौथा मी. गुढीपाडव्यानंतरच्या त्या अर्जावर पहिली सही माझी आहे.

एवढे वाचून झाल्यावर, ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला असता आणि म्हटले असते, "तारखा आल्या. मानसं आली. पण मागणी कुठी आहे जी?"

ते टायपिस्ट होते. तहसील आणि इतर कार्यालये आमच्या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे खेड्यांतून कामासाठी येणारी माणसे बसमधून उतरली की आधी त्यांच्या टेबलाशी येत. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. त्यांचे नाव मला ठाऊक आहे, परंतु येथे देत नाही. ज्या कागदावर आपले नाव आहे तो स्वतः वाचल्याशिवाय हातातून सोडायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आणि हा कागद त्यांनी अद्याप वाचलेला नाही.

त्या कापड दुकानाच्या व्हरांड्यातील त्यांच्या टेबलावर एकच मराठी टंकलेखन यंत्र होते. टेबलाच्या एका पायाखाली पत्र्याची घडी. दोन खुर्च्यांपैकी हात असलेली, गादीची खुर्ची येणाऱ्याची. सुतळीने विणलेली, मध्ये खोल गेलेली खुर्ची त्यांची. उभ्या माणसाचा अर्ज ते घेत नसत. घाईत आलेला एखादा शहरी गृहस्थ वाकून "दोनच ओळी आहेत हो" असे म्हणाला, तर ते खुर्चीकडे बोट दाखवीत. "बसा. उभ्याउभ्या अर्ज होत नाही." अर्जदार बसला की ते चपला काढून टेबलाखाली जोडीने ठेवीत आणि तीन प्रश्न विचारीत: कोणाले लिहू, काय झालं, काय पाहिजे.

पहिल्या दोन उत्तरांना ते हवा तितका वेळ देत. तिसरे उत्तर मात्र एका वाक्यात आल्याशिवाय कागद यंत्रात जात नसे. एकदा मौद्याकडचा एक धिप्पाड माणूस अर्धा तास सरपंचाविषयी, सरपंचाच्या साळ्याविषयी आणि त्या दोघांच्या ट्रॅक्टरविषयी बोलत होता.

"ते सारं खरं गा," बाबूजी म्हणाले. "पण तुले काय पाहिजे?"

"मले न्याय पाहिजे बाबूजी."

"न्याय त्या ऑफिसात भेटत नाही. तिथं दाखले भेटते. कोणता पाहिजे?"

तो माणूस प्रथम रागावला, मग डोके खाजवू लागला, मग त्याने दाखल्याचे नाव सांगितले. आणि येथे त्यांची खरी रीत सुरू होई, जी मी माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत अन्य कोणाकडे पाहिली नाही. ते कागद यंत्रात घालीत, रूळ फिरवीत थेट तळापर्यंत नेत, आणि मागणी आधी टाइप करीत. मग कागद उलटा फिरवून वर आणीत आणि उरलेल्या जागेत बाकीचा सगळा मजकूर बसवीत. सरपंच, साळा आणि ट्रॅक्टर यांना जी काय जागा मिळायची ती मधल्या मोकळ्या पट्ट्यात. पट्टा संपला की ते हात वर करीत. "जागा संपली जी." दुसरे पान लावा, असे सांगून त्यांच्याकडून ते लावून घेणारा मी पाहिला नाही. शेवटी मागणी मोठ्याने वाचून ती अर्जदाराकडून म्हणवून घेत. "साहेबापुढं गेला की विसरशील. म्हण." म्हातारी माणसेसुद्धा त्या व्हरांड्यात आपापली मागणी पाठ म्हणत, आणि शेजारच्या टपरीवर तर्रीपोहे खाणारे लोक हसू दाबीत.

मी न्यायालयाच्या नक्कल विभागातून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर, आणि विशेषतः पत्नीच्या निधनानंतर, दररोज सकाळी अकरा वाजता मी एखादे तक्रारपत्र घेऊन त्यांच्यासमोर बसत असे. रस्त्यावरचा अंधार, गळकी जलवाहिनी, बँकेतील ज्येष्ठांसाठीची नसलेली बैठक: विषय संपत नसत. ते मला वकीलसाहेब म्हणत. मी वकील नव्हतो आणि तसे प्रत्येक वेळी सांगत असे.

"म्हणूनच म्हणतो जी," ते म्हणत. "वकील इतकं लिहीत नाही."

माझ्या पत्रांतील विशेषणे ते वगळीत. 'निर्ढावलेले' हा शब्द त्यांनी माझ्या सांगण्यावरून एकदाही उमटवला नाही. मी तक्रार केली, तेव्हा कागद पुढे करून म्हणाले, "हे वाचून तो साहेब काय करन? रागावन. रागावला का फाईल खाली ठेवन. राग तुम्ही घरी ठेवा, तिथं आहे कोण ऐकाले?" त्यांना टोचून बोलायचे नव्हते. परंतु माझ्या घरी ऐकायला कोणी नव्हते, हे या शहरात माझ्याखेरीज त्यांनाच ठाऊक होते.

एका उन्हाळ्यात एके दिवशी मी पाणीपुरवठ्यासंबंधी दुसरे पत्र घेऊन गेलो. भर दुपार होती, रस्ता रिकामा होता, कूलरसाठी विकायला ठेवलेल्या वाळ्याच्या ताट्या वाळून कडकडत होत्या. माझे पत्र त्यांनी बाजूला ठेवले.

"पाणीवाल्यालेच काहून धरून बसले जी? पोराले लिहा ना एखादं."

माझा मुलगा परदेशात असतो. त्याचा फोन महिना महिना येत नसे, हे मी कधीतरी बोललो असणार. मुलाला कोणी अर्ज करीत नसतो, असे मी म्हणालो. तोवर त्यांनी कागद घालून तळापर्यंत फिरवलाही होता.

"काय पाहिजे?"

रविवारी फोन करत जावा, असे मी म्हणालो. त्यांनी ते टाइप केले. कागद वर आणला. "आता इथं काय लिहू?" मी सांगू लागलो: कोणत्या रविवारी फोन आला नाही, कोणत्या सणाला आला नाही, त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाला किती वाजेपर्यंत मी वाट पाहिली. माझ्याकडे सगळे लिहून ठेवलेले होते. त्यांनी एकाही कळीला बोट लावले नाही. मी थांबेपर्यंत ऐकत राहिले, मग कागद ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. कोरा कागद, तळाशी एक ओळ.

"झालं जी. असंच पाठवा."

"कोऱ्या कागदाला पत्र म्हणत नाहीत," मी म्हणालो.

"मंग काय म्हणते?"

तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आमचा रस्ता मरत चालला होता, यात शंका नाही. दुकानांच्या निम्म्या शटरांना आतून गंज चढला होता. गिऱ्हाईक टोकावरूनच मोठ्या इमारतींकडे वळून जाई. दुकानदारांनी मला अर्ज लिहायला सांगितले आणि मी तो आयुष्यभराची विद्या पणाला लावून लिहिला: अकरा पाने, पोटकलमांसह. सातव्या पानावर 'व्हरांड्यांतील व पदपथांवरील अतिक्रमणे' असा स्वतंत्र परिच्छेद होता. माझ्या मनात रस्ता अडवून उभ्या केलेल्या मोटारी होत्या, पण लिहिताना शब्द पूर्ण असावेत, ही माझी सवय.

बाबूजींनी अकरा पाने वाचली. सातव्या पानाशी किंचित थांबले. मग शेवटचे पान उलटून पाहिले, मागची बाजू कोरी होती.

"वकीलसाहेब, मागणी कुठी आहे?"

"मागणी स्पष्टच आहे. रस्ता सुधारावा."

"कसा सुधारावा? कोणासाठी?"

"ते त्यांनी ठरवायचे आहे. ते तज्ज्ञ आहेत."

"मंग त्यायच्यापाशी काहून मागून राहिले? त्यायलेच विचारा का बा, तुमाले काय पाहिजे म्हणून."

मी रागाने कागद उचलले आणि पलीकडच्या संगणक केंद्रातून अकराच्या अकरा पाने छापून घेतली. अर्जाची शेवटची ओळ होती, 'तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी.' माझ्या नोकरीत ही ओळ मी हजारो कागदांवर पाहिली होती. ती मागणी नाही, हे मला तेव्हा दिसले नाही. योग्य म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार मी माझ्या सहीनिशी त्यांच्या हातात दिला होता.

त्यांनी ठरवले. रस्त्याचे नाव 'ऑरेंज माईल' ठेवण्याचे ठरले. एकसारख्या नारिंगी पाट्या, एकसारखे दिवे, सिमेंटच्या कुंड्या, दोन्ही टोकांना कमानी आणि व्हरांडे 'पूर्णतः मोकळे'. सूचनेत संदर्भ म्हणून आमच्याच अर्जाचा उल्लेख होता, पान सात. बाबूजी खांबाजवळ उभे राहून ती सूचना दोनदा वाचून आले.

"संत्री कळमन्याच्या बाजारात विकते," ते चपला काढताना म्हणाले. "मैल म्हणावा तं तीनशे पावलांत गल्ली संपते. आता या नावातलं इथं काय आहे, ते तुम्हीच शोधा जी."

पान सातविषयी ते एक शब्द बोलले नाहीत.

त्या पंधरा दिवसांत त्यांनी रस्त्यावरच्या बहुतेक दुकानदारांच्या हरकती टाइप केल्या. प्रत्येकी एक पान, मागणी आधी. चष्मेवाल्याची मागणी, दुकानाची पायरी राहू द्यावी. घड्याळवाल्याची, पाटीवर वडिलांचे नाव राहू द्यावे. भांडीवाल्याची, माल उतरवायला सकाळी तासभर मुभा असावी. त्या मान्य झाल्या. समितीतील माणसांना तळाची ओळ वाचून होय किंवा नाही एवढेच लिहायचे होते. बहुधा होय लिहिणे सोपे गेले असावे. पायरी आज आहे. वडिलांचे नाव आज आहे.

मुदत संपायला चार दिवस असताना मी विचारले, "आणि तुमची हरकत?"

"मयी मी नाही टाइप करत."

"का?"

"मले कोण विचारन जी, काय पाहिजे म्हणून? आपणच विचाराचं, आपणच सांगाचं, तं ते खरं हाय का नाही, कोण पाह्यन?"

मग त्यांनी जे केले ते मी विसरणे शक्य नाही. ते उठले, हात असलेल्या खुर्चीवर, अर्जदाराच्या खुर्चीवर येऊन बसले, आणि सुतळीच्या खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "बसा. विचारा."

मी बसलो. मला केवळ तीन प्रश्न विचारायचे होते. त्याऐवजी मी त्यांना पथविक्रेत्यांच्या हक्कांविषयी सांगू लागलो. सुनावणी दिल्याशिवाय कोणालाही उठवता येत नाही, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व काय म्हणते, वहिवाट कशी सिद्ध करायची, दुकानमालकाने तोंडी दिलेली परवानगी पुराव्यात कशी आणायची. ते गादीच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून, आलेल्या माणसासारखे बसून होते. मी म्हणालो, काळजी करू नका, मसुदा मी करतो.

"करा जी," ते म्हणाले, आणि उठून आपल्या जागी जाऊ लागले, म्हणून मला ती खुर्ची सोडावी लागली.

मसुदा चौदा पानांचा झाला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद होण्याआधी, मी तो दाखल केला व पोच घेतली. उत्तर एका ओळीत आले: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

ट्रक आला त्या सकाळी मी फाईल काखेत घेऊन पोहोचलो तेव्हा पथकाचे प्रमुख उभ्याने, टेबलाच्या कोपऱ्यावर कागद टेकवून पंचनामा लिहीत होते. बाबूजी त्यांना म्हणाले, "असं उभ्याउभ्या पंचनामा होत नाही साहेब. बसा. मी टाइप करून देतो." तो मनुष्य गोंधळून अर्जदाराच्या खुर्चीवर बसला. बाबूजींनी चपला काढल्या, कागद घातला, आणि ज्या टेबलावर यंत्र होते त्याच टेबलाच्या जप्तीचा पंचनामा टाइप केला: लाकडी टेबल एक, खुर्च्या दोन. मी कलमे वाचून दाखवीत होतो. पथकातला एक जण म्हणाला, "काका, बाजूले व्हा ना, पायावर पडन." टेबल गेले, खुर्च्या गेल्या. यंत्र त्यांनी नेले नाही. ते फरशीवर ठेवलेले होते आणि बाबूजी त्याच्या शेजारी, पायऱ्यांवर, आपल्या चपला हातात घेऊन बसले होते. पुढच्या आठवड्यात ते कन्हानला पुतण्याकडे राहायला गेले.

आज त्या रस्त्याच्या दोन्ही कमानींवर त्यांचे छायाचित्र आहे. सल्लागारांच्या छायाचित्रकाराने ते कधीतरी काढले असावे. एक बोट कळीवर, चष्मा कपाळावर. खाली लिहिले आहे, 'चला, जुन्या नागपूरला भेटूया.' त्यांच्या टेबलाच्या जागी सिमेंटची कुंडी आहे. शनिवारी-रविवारी माणसे येतात, कमानीखाली फोटो काढतात, आइस्क्रीम खातात. दुकानांत गर्दी वाढली आहे, हे मी नाकारीत नाही. ज्याची पायरी वाचली तो चष्मेवाला खूश आहे. पण सोमवार ते शुक्रवार, अकराच्या सुमारास, खेड्यांतून माणसे अजूनही येतात, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन, आणि व्हरांड्यात उभी राहून इकडेतिकडे पाहतात. मी अजूनही अकरालाच जातो, म्हणून मला हे ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात एक वृद्ध बाई कुंडीच्या कडेला बसली. तिने मला विचारले, "अर्ज लिहून देणारे बाबूजी कुठी गेले जी?" मी वर कमानीकडे पाहिले, तिची नजर तिथवर पोहोचत नव्हती. मी खिशातून पेन काढले आणि तिच्या शेजारी बसलो. कोणाले लिहू, असे विचारले. तिने सांगायला सुरुवात केली तोच सुरक्षारक्षकाने शिटी वाजवली. "ओ मावशी, ओ काका, कुंडीवर बसाचं नाही. उठा." आम्ही उठलो. ती उभी राहिली आणि तिला काय सांगायचे होते ते तिला आठवेना. "राहू द्या जी," म्हणाली, आणि बसस्टँडकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी कन्हानला गेलो. बाबूजी पुतण्याच्या ओसरीत बाजेवर बसले होते. यंत्र कोपऱ्यात, धोतराच्या फडक्यात बांधलेले. बाहेरून कोळशाचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकाला फडके हलत होते.

"या वकीलसाहेब."

"मी वकील नाही."

"माहीत आहे जी."

मी वही काढली. ओसरीत एकच खुर्ची होती. मी त्यांना तिच्यावर बसायला सांगितले. त्यांना लगेच कळले. ते बाजेवरून उठले, खुर्चीवर ताठ बसले, हात मांडीवर ठेवले. मी बाजेवर बसलो आणि चपला काढल्या.

"कोणाला लिहू?"

"समितीले."

"काय झालं?"

"टेबल नेलं."

मी आणखी काही येईल म्हणून थांबलो. आले नाही. जे सांगायला मला चौदा पाने लागली होती ते एवढेच होते.

"काय पाहिजे?"

दोन ट्रक गेले.

"मले आता नाही पाहिजे," ते म्हणाले. "बोटं राह्यले नाही. पण तिथं कोणी तरी बसलं पाहिजे जी. दोन खुर्च्या. एक लिहिणाऱ्याले, एक येणाऱ्याले."

"आणि तुमचा फोटो? तो काढायला सांगू?"

"राहू द्या. फोटो कोणाले उठवत नाही."

मी ते वहीच्या पानाच्या अगदी तळाशी लिहिले. त्यांनी वही घेतली, चष्मा खाली आणला, वाचले. मग वही परत देताना म्हणाले, "आता वर काय लिहाचं ते लिहा. पण जागा संपली का थांबा."

जागा संपली आहे. यापुढील मजकूर मी सर्वांत आधी लिहिला होता.

त्या व्हरांड्यात अर्ज लिहून देणाऱ्या एका माणसासाठी व त्याच्याकडे येणाऱ्या एका माणसासाठी मिळून दोन खुर्च्या व एक टेबल ठेवण्यास कायमची परवानगी द्यावी. ती देणार की नाही, याचे उत्तर प्रकल्प अधिकाऱ्यांनी स्वतः त्या व्हरांड्यात, कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, जमलेल्या लोकांसमोर होय किंवा नाही अशा शब्दांत द्यावे. नोंद घेतली, हे उत्तर धरले जाणार नाही. उभ्याने दिलेले उत्तरही धरले जाणार नाही. खुर्च्या मी आणीन. दोन.